बुलेट तशीच राहू द्या, तीन चाकांवर नव्याने शिका

पत्र : ताई, माझं वय 54. मानेवाड्यात राहतो, हिंगणा एमआयडीसीत नोकरी आहे. दीड वर्षापूर्वी अपघातात डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. चालता येतं, पण डाव्या पायाचा भरवसा राहिला नाही. पंचवीस वर्षं बुलेट चालवली. मागच्या महिन्यात सिग्नलला थांबताना गाडी डावीकडे कलली, पाय टेकवला, पण सावरली नाही. बायको मागे होती. कोणाला लागलं नाही, पण ती आता मागे बसायला तयार नाही. मुलगा म्हणतो, बुलेट विका, कार घेऊ. मला कारमध्ये करमत नाही. व्हिडिओत परदेशातल्या तीन चाकांच्या मोटारसायकली पाहिल्या. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, याच बुलेटला मागे दोन चाकं लावून देतो. तीन चाकांची गाडी पडत नाही ना? चालवायला सोपी असते का? लायसन्स आणि पासिंगचं काय? बायकोला मागे बसवता येईल? रामटेकला जाता येईल?

भाऊ,

सिग्नलला कलणारी गाडी मागच्या माणसासकट सावरता न येणं काय असतं, ते मला सांगावं लागत नाही. माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे आणि कॉलेजच्या दिवसांपासून मी साइड व्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवलेल्या स्कूटरवरच नागपूर फिरते. त्यामुळे "आता गाडी सोडा" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. पण त्या मिस्त्रीला हो म्हणू नका, एवढं आधीच सांगते. का, ते पुढे येईलच.

तीन चाकं एक प्रश्न पूर्ण सोडवतात, तो म्हणजे उभं राहण्याचा. सिग्नल, रेल्वे फाटक, बर्डीतली गर्दी, पेट्रोल पंपावरची रांग, कुठेही पाय टेकवायची गरज उरत नाही. तुमची अडचण नेमकी तीच आहे, म्हणून तुमची निवड चुकीची नाही. पण हीच चाकं वळणाचा एक नवा प्रश्न आणतात, आणि तो नीट समजून न घेता माणसं गाडी घेऊन बसतात.

बुलेट वळवताना तुम्ही हँडल फिरवत नाही, गाडी कलवता. थोडा वेग आला की डावीकडे जायला डाव्या मुठीला हलका दाब देता, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. पंचवीस वर्षांत हे इतकं अंगात मुरलंय की हात काय करतात हे तुमच्या लक्षातही येत नसेल. न कलणाऱ्या तीनचाकीवर तोच दाब दिला की पुढचं चाक उजवीकडे फिरतं आणि गाडी उजवीकडे जाते! तिथे हँडल सरळसरळ जायचं त्या बाजूला ओढायचं असतं. सावकाश चालवताना हे दोन दिवसांत जमतं. खरी भीती असते ती अचानक कुत्रं आडवं आलं, रिक्षावाल्याने ब्रेक मारला, अशा क्षणाची. तेव्हा डोकं विचार करत नाही, हात जुनी सवय काढतात. म्हणून ज्याने कधीच टू-व्हीलर चालवली नाही तो तीनचाकी लवकर शिकतो, आणि मुरलेल्या बुलेटवाल्याला जास्त दिवस लागतात. तुमचा अनुभव वाहतूक ओळखायला कामी येईल. हँडलपुरतं मात्र तुम्ही नवशिके आहात असं धरून चला.

दुसरी सवय पायाची, आणि तुमच्यासाठी ती हातापेक्षा धोक्याची आहे. गाडी थांबायला आली की पाय आपोआप खाली जातो. साइड व्हीलच्या गाडीत पायाच्या मागेच चाक असतं. गाडी जराशी पुढे सरकत असताना पाय टेकला, तर मागून येणारं चाक टाचेवर चढतं आणि पाय मागे ओढला जातो. रॉड असलेल्या पायाला असा हिसका बसला तर पुन्हा ऑपरेशन टेबल. पाय फुटबोर्डवरच राहिले पाहिजेत, गाडी पूर्ण थांबेपर्यंत आणि थांबल्यावरही. मी नव्या लोकांना शिकवते तेव्हा पहिले काही दिवस दुसरं काहीच करायला सांगत नाही. चाला, थांबा, पाय वर. चाला, थांबा, पाय वर.

आता पडण्याचं. पडते, भाऊ. उभी असताना नाही, वळताना. टू-व्हीलर वळणाच्या आत झुकते आणि तोल सांभाळते, तीनचाकीला झुकता येत नाही. वेग जास्त झाला की आतल्या बाजूचं चाक उचलायला लागतं. पुढे एक आणि मागे दोन चाकं असतील, तर वळणात ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या एकट्या चाकावर येतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला, पुढच्या कोपऱ्याकडे कलंडू पाहते. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली गाडी या बाबतीत जास्त भरवशाची, कारण ब्रेक मारताना वजन रुंद बाजूवर येतं. कोणतीही रचना असो, वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, आणि वळणात अंग आतल्या बाजूला झुकवायचं. वळणात शिरल्यावर "अरे, जास्त झाला" असं वाटलं, तर तोवर उशीर झालेला असतो.

व्हिडिओतल्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगते. त्या सगळ्या एकसारख्या नाहीत. पियाजिओची एमपी3 2006 साली आली. पुढे दोन चाकं, तीही कलणारी, आणि थांबल्यावर ती यंत्रणा लॉक करून गाडी उभी ठेवता येते. कॅनडातल्या बीआरपीची कॅन-अ‍ॅम स्पायडर 2007 ची, ती कलत नाही, रुंद आणि जड आहे. यामाहाची निकेन 2018 ची, दिसायला सर्वांत देखणी, पण तुमच्या उपयोगाची नाही : पुढे दोन चाकं असूनही ती आपण होऊन उभी राहत नाही, सिग्नलला पाय टेकवावाच लागतो. व्हिडिओत ही गोष्ट कळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. परदेशातून गाडी आणायची म्हटली तर सीमाशुल्क, पासिंग, पुढे सुट्या भागांसाठी वाट पाहणं. नोकरीवर रोज जायच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बुलेटलाच चाकं का नकोत? जुन्या मोटारसायकलींना मागे चाकं आणि सीट जोडून दिल्लीत एके काळी फटफट्या धावायच्या, चांदणी चौकाकडे सवाऱ्या न्यायच्या. हे शक्य नाही असं कोणी म्हणत नाही. पण आज कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं एक वेळ सोडा. अशा गाडीने कोणाला धडक बसली आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईचा बोजा तुमच्या घरावर येईल.

कायद्याखेरीज यंत्राचीही बाजू आहे. तुमची बुलेट पंचवीस वर्षांची, म्हणजे बहुधा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असलेली. तसं असेल तर आज तुमचा मागचा ब्रेकच कमजोर पायाच्या हवाली आहे. मागे चाकं वाढली की वजन वाढणार, थांबायला अंतर जास्त लागणार, आणि दाबायला तोच पाय. बुलेटची चासी बाजूने येणारा ताण सहन करायला बनवलेलीही नाही. दुचाकी कलते, म्हणून तिच्यावरचा भार नेहमी तिच्या उभ्या रेषेतून खाली जातो. तीनचाकीत तोच भार आडवा येतो, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर, चाकाच्या आऱ्यांवर आणि मिस्त्रीच्या वेल्डिंगवर.

त्याच कलम 52 मध्ये तुमच्यासारख्यांसाठी वाट ठेवलेली आहे. शारीरिक अडचण असलेल्या माणसाला त्याच्याच वापरासाठी गाडीत बदल करून घेता येतो, आणि त्यानंतर आरटीओची मान्यता घ्यायची असते. कायद्यात याला अनुकूलित वाहन म्हणतात. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी चाकं बसवतात, ती गाडी या वाटेने पास होते. मोजायला चाकं चार होतात, पण वळते ती तीनचाकीसारखीच. तुम्हाला मी तीच सुचवते. दोन्ही ब्रेक हाताला, गिअर नाही, डाव्या पायाला काहीच काम नाही. बुलेटचा आवाज त्यात नाही, मला कल्पना आहे. पण वारा तोच लागतो.

त्याआधी मात्र एक काम करा. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, पायाची ताकद अजून भरून येणार आहे का? फिजिओथेरपीने सहा-आठ महिन्यांत फरक पडणार असेल तर गाडीत कायमचा बदल करायची घाई कशाला? ताकद आता एवढीच राहणार असं त्यांनी सांगितलं, तर सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असते. तुमचे टक्के कमी भरले तर सवलत मिळणार नाही, पण म्हणून अनुकूलित वाहनाची दारं बंद होत नाहीत. कागद घेऊन आपल्या आरटीओत जा. गाडीचा नंबर एमएच 31 असेल तर गिरीपेठ, एमएच 49 असेल तर पूर्व नागपूरचं ऑफिस. एजंटला गाठण्याआधी खिडकीवर स्वतः विचारा, आणि गाडीला चाकं लावण्याआधी विचारा. आरसीत बदलाची नोंद झाली पाहिजे. लायसन्समध्येही अनुकूलित वाहनाचा वेगळा वर्ग आहे, तो चढवून घ्यावा लागतो, आणि परीक्षा तुमच्याच गाडीवर द्यायची असते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. तोंडी "कळवलं होतं" याला क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही.

चाकं बसवणारा गॅरेजवाला निवडताना डोळे उघडे ठेवा. सगळा खेळ तिथेच आहे. बाजूची चाकं बसवायच्या संचात, म्हणजे किटमध्ये, मागचं मूळ चाक मध्ये तसंच राहतं आणि दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडलेलं असतं. म्हणजे मागे जमिनीवर तीन चाकं झाली, आणि गाडी पुढे जाते ती फक्त मधल्याच्या जोरावर. स्वस्तातल्या किटमध्ये बाजूची चाकं उंचवट्यावर आणि मधलं खोलगट जागी आलं, की मधलं चाक लोंबकळतं, नुसतं फिरतं, आणि गाडी जागची हलत नाही. ब्रेकही त्याच चाकाला, म्हणजे ब्रेकही गेला. हे तपासायला सोपं आहे. दुकानासमोरच बाजूच्या दोन्ही चाकांखाली जाड फळीचा एकेक तुकडा ठेवायला सांगा, वर बसा, आणि एक्सलेटर द्यायच्या आधी मागे उभ्या माणसाला खाली वाकून बघू द्या की मधलं चाक जमिनीला दाबून टेकलंय का. चांगल्या किटमध्ये बाजूच्या चाकांना स्वतंत्र शॉकअप असतात, ते दबतात आणि मधलं चाक खालीच राहतं. जिथे नुसता लोखंडी दांडा वेल्ड केलेला असेल तिथून उठून या.

आणखी काही गोष्टी तिथेच बघून घ्या. जोडणी नटबोल्टची हवी, चासीला भोकं पाडून किंवा कापून केलेली नको. बाजूच्या चाकांवर पूर्ण मडगार्ड हवं, साडीचा पदर आणि ओढणी तिथेच अडकते. काठीसाठी क्लिप लावून घ्या. पार्किंग ब्रेक हवाच, कारण ही गाडी स्टँडवर लावायची नसते आणि उतारावर आपली आपण निघून जाते. रिव्हर्सचा विचार तर सगळ्यात आधी करा. बाजूच्या चाकांसकट स्कूटर पायाने मागे ढकलणं तुम्हाला जमणार नाही. काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये रिव्हर्स मोड कंपनीकडूनच असतो, तुमचं रोजचं मानेवाडा ते हिंगणा अंतर त्यांच्या आवाक्यात आहे. फक्त त्या मॉडेलला बसणारं किट आहे का आणि आरटीओ ते पास करतं का, हे गाडी बुक करायच्या आधी विचारा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाजूच्या चाकांना पडून राहिलेला जुना टायर खपवण्याची रीत आहे, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात तसा टायर फार टिकत नाही.

रस्त्याचं म्हणाल तर नागपूरचे सिमेंट रोड एका अर्थाने चांगले, सपाट आहेत. त्रास होतो तो कडेला. सिमेंटचा पट्टा संपतो आणि पेव्हर ब्लॉक सुरू होतात, तिथे बऱ्याच ठिकाणी बोटभर ते वीतभर उंचीचा फरक आहे. टू-व्हीलरवाला कडेने सहज काढतो. आपलं डावं चाक तिथून खाली उतरलं की गाडी डावीकडे कलते आणि हँडलला झटका बसतो. म्हणून कडेपासून हातभर आत चालवायचं. मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी आत. बुलेटवर तुम्ही खड्डा चुकवत होता. इथे पुढचं चाक चुकतं आणि बाजूचं नेमकं पडतं, त्यामुळे खड्डा चुकवण्यापेक्षा वेग कमी करून त्यातून हळू काढणं बरं. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो म्हणून गाडी सतत डावीकडे ओढते, सुरुवातीचे दिवस उजवा खांदा दुखेल. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर जाऊच नका. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा आपण सगळ्यांनीच पाहिलं, पाण्याखाली कडा कुठे संपते ते दिसत नाही.

महाल-इतवारीच्या गल्लीत रुंदीचा अंदाज यायला वेळ लागतो. आपण अजून मनाने दोन चाकांवर असतो, गाडी पुढे निघते आणि बाजूचं चाक कोणाच्या तरी पायावरून किंवा भाजीच्या टोपलीवरून जातं. दोन्ही आरसे असे लावा की बाजूच्या चाकाचं मडगार्ड कोपऱ्यात दिसेल. मडगार्डला मागून लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, रात्री मागच्याला ही गाडी नेहमीच्या स्कूटरएवढीच वाटते. हेल्मेट आधी होतं तसंच राहू द्या.

साइडकारचंही सांगते, कारण वहिनींसाठी तुमच्या मनात ते येईलच. एके काळी चेतक आणि प्रिया या स्कूटरना डाव्या बाजूला साइडकार लावून अख्खं कुटुंब फिरायचं, आणि कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच साइडकार धरलेली आहे. पण ती चालवणं या सगळ्यांत अवघड. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे, आणि रिकामी साइडकार डावीकडे वळताना उचलते. तुमचा पाय पाहता ती नकोच.

वहिनींचा नकार मला पटतो. त्या गाडीसकट पडल्या आहेत आणि मागे बसणाऱ्याच्या हातात काही नसतं. त्यांना आत्ता मनवू नका. आधी एकट्याने शिका. पहाटे मैदानावर जा, तुमच्या जवळचं रेशीमबाग सोयीचं, आणि मुलाला सोबत न्या. सरळ चालवणं आणि थांबणं, मग मोठे गोल, मग आठचा आकडा. आतलं चाक हलकं झालं की कसं जाणवतं, ते सावकाश वेगात एकदा अनुभवून घ्या, म्हणजे रस्त्यावर ओळखता येईल. मुलगा हे सगळं बघेल, तेव्हा त्याच्या शंकाही कमी होतील. तो गाडी विका म्हणतो तो काळजीपोटी, त्याला आरसीवरची नोंद, लायसन्स, विमा, सगळे कागद दाखवा. मागे बसवून चालवायची पहिली पाळी त्याचीच येऊ द्या, कारण मागे वजन आलं की गाडी वळणात वेगळी वागते.

मग वहिनींना विचारा, आधी कोपऱ्यावरच्या बाजारापर्यंतच. दोन्हीकडे पाय टाकून बसणं सर्वांत चांगलं. साडीत एका बाजूला बसणार असतील तर सगळं वजन डावीकडे येतं आणि पाय बाजूच्या चाकाजवळ, म्हणून रुंद पायदान आणि धरायला दांडा लावून घ्या. वळणात त्यांनी उलट बाजूला झुकायचं नाही.

रामटेक नक्की होईल. पन्नासेक किलोमीटर, मनसरपर्यंत मोठा रस्ता. पण हायवेवर ट्रक शेजारून गेला की वाऱ्याचा धक्का बसतो आणि ही गाडी कलून तो झेलू शकत नाही, त्यामुळे डावी लेन आणि बेताचा वेग. गडावर चढताना त्रास नाही, उतरताना आहे. वळणं आहेत, स्कूटरला बुलेटसारखा इंजिनाचा ब्रेक लागत नाही आणि बाजूच्या बहुतेक चाकांना ब्रेक नसतो. वरूनच हळू निघा, प्रत्येक वळणाआधी जवळजवळ थांबा. पहिल्या खेपेला गाडी खालीच लावून रिक्षाने वर गेलात तरी चालेल. छिंदवाड्याकडच्या सिल्लेवाणी घाटाचा विचार पुढच्या वर्षी करू.

बुलेट विकायची की नाही, हे मुलाने किंवा मी ठरवायचं नाही. चालू स्थितीत ठेवा, आठवड्यातून एकदा मुलाला फिरवून आणायला सांगा. पाय भरून आला तर ती आहेच.

दोन-तीन गॅरेजवाल्यांकडून लेखी कोटेशन घ्या. त्यात किटची जोडणी, शॉकअप, पार्किंग ब्रेक आणि रिव्हर्स हे वेगवेगळं लिहून मागा, आणि पासिंगचं काम कोण करणार तेही. ती कोटेशनं आणि किटचे खालून काढलेले फोटो मला पाठवा. पैसे द्यायच्या आधी पाठवा, मी बघून सांगते.

तुमची,
ताई